बर्फाळ समुद्राखाली सुरुंगाचा बार: खाणीतला हिशोब चालेल का?

खडीवाला_चिपळूण:
आमच्या खाणीत काळ्या कातळाला घनमीटरमागे साधारण ४०० ग्रॅम मसाला (स्फोटक) पुरतो. ध्रुवाकडे जहाजांच्या धक्क्यासाठी समुद्रतळाचा खडक फोडायचा, तर तेवढ्यात भागेल? की थंडीने बारच उडणार नाही?

धक्केकरी:
भाऊ, तिप्पट धरा. मी २२ वर्षं बंदरांच्या कामावर बार भरले. अंटार्क्टिकात गेलेलो नाही, पण हा हिशोब सगळीकडे तोच. स्वीडिश पद्धतीत उभ्या होलाला घनमीटरमागे १ किलो, त्यात पाण्याच्या दर मीटरला ०.०१ किलो, गाळाच्या मीटरला ०.०२ आणि कातळाच्या मीटरला ०.०३. म्हणजे १० मीटर पाणी, २ मीटर गाळ, ५ मीटर कातळ असेल तर १.२९ किलो. फुटलेल्या दगडाला वरचं पाणी ढकलावं लागतं ना! शिवाय खाली एखादं टेंगूळ राहिलं, तर परत बार्ज आणून होल मारा. म्हणून होलही जास्त खोल घेतात.

अॅन्फो (डिझेलमध्ये भिजवलेलं अमोनियम नायट्रेट, पाण्यात विरघळतं) मात्र विसरा. पहिल्या वर्षी ओल्या होलात मी हट्टाने भरला. थोड्या वेळाने वर गुलाबी पाणी आलं, बार फुसका. मुकादमाच्या शिव्या अजून आठवतात. पाण्यात इमल्शनच, म्हणजे पाण्याला दाद न देणारा लगद्यासारखा मसाला.

थंडीचं म्हणाल, तर समुद्राचं पाणी उणे १.८ अंशाला गोठतं, त्यामुळे होलात त्याहून थंड नसतं. त्रास वर डेकवर: होज गोठतात, नॉनेलच्या (बार पेटवायच्या बारीक प्लास्टिक) नळ्या कडक होतात.

वास्कोकर:
बार कुणाच्या उशाशी लावताय तेही बघा. १९८०च्या दशकात फ्रान्सने अंटार्क्टिकातल्या ॲडेली लँडमध्ये द्युमाँ द्युर्व्हिल तळाजवळची बेटं सुरुंगाने सपाट केली, दगड मधल्या समुद्रात भरून धावपट्टी बांधली. त्यात पेंग्विन मेले. १९८९मध्ये ग्रीनपीसवाले तिथे ठाण मांडून बसले. पट्टी पुरी झाली आणि जानेवारी १९९४मध्ये हिमनदीचा कडा कोसळून आलेल्या लाटेने ती तोडली. वापरात आलीच नाही.

खडीवाला_चिपळूण:
वरचं पाणी दाबून धरतं, म्हणजे बार पाण्याखाली लावला तर दगड उडण्याची भीती कमी?

धक्केकरी:
दगडाची कमी, स्फोटाच्या धक्क्याची जास्त. पाण्यात धक्का लांबवर जातो, माशांचे हवेचे फुगे फुटतात. एका डिलेला (एका क्षणी उडणाऱ्या होलांना) मसाला थोडाच, होलाचं तोंड खडीने नीट बंद. भोवती तळाशी भोकं पाडलेला पाइप टाकून कॉम्प्रेसरने बुडबुड्यांचा पडदा करतात, धक्का त्यात बराच मरतो. आणि सील दिसला, की तो जाईपर्यंत हात चोळत बसायचं. थंडीत तसेही चोळावेच लागतात.