साटांवर चंदेरी ठिपके

शनिवार, सकाळी ७:४२

ए-३०२ काकू: काल संध्याकाळी गच्चीवर स्प्रे कोणी मारला? माझी आंब्याची साटं वाळत होती. चार परातींतल्या दोन गेल्या. फोटो टाकतेय.

ए-३०२ काकू: मोठा करून बघा. पायरीचा रस, परातीला तूप लावून तीन दिवस ऊन दिलेला. डब्यातला पल्प नव्हे.

बी-१०३ भाऊ: वैनी, चांदीचो वर्ख लावल्यासारखो दिसता. मिठाईवाले ह्याचे जास्त पैसे घेतत 😄

ए-३०२ काकू: भाऊ, मस्करी नको.

ए-२०१ खजिनदार: सगळे ऑनलाइन आहेत म्हणून आठवण. टाकी सफाईचे ३०० रुपये, सात फ्लॅट बाकी.

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. गच्ची सामायिक आहे. वाळवण असो वा रंगकाम, आधी ग्रुपवर कळवावे ही नम्र विनंती 🙏

ए-३०२ काकू: म्हणजे साटं आणि रंग एकाच पंक्तीत? गेल्या मेमध्ये तुमची सोलं अख्ख्या गच्चीभर होती, तेव्हा कळवलं होतंत? लाद्यांवर लाल डाग अजून आहेत.

सेक्रेटरी: तो विषय मिटलेला आहे.

ए-३०२ काकू: डाग मिटलेले नाहीत.

बी-२०२ बाबूची आई: काकू, सॉरी हं. आमचा बाबू होता. ६ जूनच्या शिवराज्याभिषेकाच्या मिरवणुकीसाठी शिरस्त्राण करतोय. वारा पडलेला बघून गेला होता, पण साडेपाचला वारा सुटला.

बी-१०३ भाऊ: मालवणात साडेपाचाक वारो सुटना नाय असो दिस माका दाखवा.

बी-३०१: हेल्मेट हवंय का कोणाला? माझ्याकडे स्कूटरचं पडून आहे, आयएसआय मार्कचं.

ए-१०१ अण्णा (मुंबई): पण घरी करायचंच कशाला? दादरला टोप तयार मिळतात. मला सांगितलं असतं तर येताना आणला असता.

ए-३०२ काकू: अण्णा, तुम्ही येणार गणपतीला. मिरवणूक जूनमध्ये आहे.

ए-१०१ अण्णा (मुंबई): मी फक्त सुचवलं. मेंटेनन्स मी बारा महिने भरतो.

ए-२०१ खजिनदार: अण्णा, टाकीचे ३०० तुमचेही बाकी आहेत.

ए-३०१: जिन्यात पांढरी भुकटी आहे ती पण ह्याचीच का? मला वाटलं मुंग्यांची पावडर. मी दोन दिवस ओलांडून जातेय.

सकाळी ९:१५

बी-२०२ बाबू: काकू, मनापासून सॉरी. परातींवर फडकं होतं म्हणून मला रिकाम्या वाटल्या. जिन्यातली भुकटी पण माझीच, घासकामाची. आता झाडतो. पहिल्यांदाच करतोय त्यामुळे सगळंच चुकतंय. मित्राच्या थ्रीडी प्रिंटरवर टोप सहा तुकड्यांत छापून घेतला. तुकडे आधी नुसते जुळवून बघायचे असतात, मी थेट फेविक्विक लावलं. चौथ्या तुकड्याला समजलं की पहिला तिरका बसलाय. मग फटीत पुट्टी, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ४००. प्रायमर मारला की न घासलेली प्रत्येक रेघ वर येते. परत १२०.

बी-२०२ बाबूची आई: आणि हा दुसरा टोप आहे बरं. पहिला दुपारी ह्यांच्या गाडीत राहिला, मागच्या काचेखाली. संध्याकाळी बघतो तर पिकलेल्या बरक्या फणसासारखा एका बाजूला बसलेला.

बी-२०२ बाबू: ते प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मला माहीत होतं. बाबांना नव्हतं.

बी-३०१: मग रंग तरी घरात मारायचा ना.

बी-२०२ बाबू: घरात आईने बंदी घातलीय वासामुळे. आणि दमट हवेत स्प्रे मारला की चकाकी जाऊन पांढुरका पडतो. म्हणून ऊन असतानाच वर गेलो.

ए-३०२ काकू: ऊन आहे म्हणूनच साटं पण वरच होती.

बी-१०२ गुरुजी: बाबू, फोटो पाहिला. स्तुत्य. पण शिंगे काढ. मराठ्यांच्या शिरस्त्राणाला शिंगे नसत.

बी-२०२ बाबू: गुरुजी, त्या तुऱ्याच्या नळ्या आहेत. उलट्या चिकटल्या.

बी-१०३ भाऊ: 😂😂 बैलपोळो इलो

बी-१०२ गुरुजी: हसण्यावारी नेऊ नका. वाटी, वर टोक, दोन नळ्यांत तुरे, पुढे वरखाली सरकणारी नाकपट्टी, मागे मानेवर कड्यांची जाळी, एवढे हवेच. जिरेटोपातला ‘जिरे’ फोडणीतला नव्हे. फारसीत जिरह म्हणजे कड्यांचे चिलखत. आणि १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराज गेले ते डोक्याला लोखंडी टोप आणि अंगरख्याआड चिलखत घालून. टोप मिरवायला नव्हता, पागोट्याआड लपवायला होता.

ए-१०१ अण्णा (मुंबई): गुरुजी, ६ जून की तिथीप्रमाणे ते आधी ठरवा.

बी-१०२ गुरुजी: ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. इंग्रजी तारीख ६ जून १६७४. रायगडावर दोन्ही दिवशी सोहळा होतो. आपणही यावे एकदा.

ए-३०२ काकू: माझ्या दोन परातींचं काय ते बोला.

ए-२०१ खजिनदार: आणि टाकीचं. सहा बाकी. ए-३०१ यांचे आले, धन्यवाद.

बी-२०२ बाबू: गुरुजी, जाळी चालू आहे. तार पेन्सिलीला गुंडाळायची, कटरने कड्या कापायच्या, एका कडीत चार कड्या ओवायच्या. ६०० झाल्या, पंजाएवढं फडकं तयार झालंय. उजव्या अंगठ्याला फोड.

बी-१०३ भाऊ: तार खयची? लोखंडी आसात तर खाऱ्या वाऱ्यात मिरवणुकीआधीच तांबडी जातली.

बी-२०२ बाबू: झालीच. २०० कड्या टाकल्या. आता ॲल्युमिनियमची आणलीय.

बी-१०३ भाऊ: आनि टोप आतसून मोकळो ठेवलंस? पडलो तर फुटतलो. होडयेक लावतत तशी फायबरची चटई नि रेझीन मार आतसून. हार्डनर बेतान घाल, जास्त झालो तर डबो हातात तापता नि धूर येता.

ए-३०२ काकू: म्हणजे आता आणखी वास??

बी-१०३ भाऊ: वैनी, हय नाय. बंदरार माजी होडी वर काढलेली आसा, थय घेवन ये म्हणान सांगतंय. रंग पन थयच मार. माशांक वास लागना नाय.

सेक्रेटरी: भाऊंचा प्रस्ताव उत्तम. विषय संपवावा.

ए-३०२ काकू: तुमचा संपला असेल.

बी-२०२ बाबूची आई: काकू, आमच्या झाडाचे रायवळ आलेत टोपलीभर. रस काढून देते, परात तुमची, ऊन देवाचं. दोन साटं माझ्याकडून.

ए-३०२ काकू: रस मीच काढीन. तुमच्याकडे साखर जरा जास्त पडते.

बी-२०२ बाबूची आई: बरं 🙂

बी-१०३ भाऊ: ठिपक्यांची साटां फेकूक नकात...

ए-३०२ काकू: फेकली. रंग आहे तो.

दुपारी १:०५

ए-३०२ काकू: बाबू, टोप डोक्यात बसतो का पण?

बी-२०२ बाबू: नाही 😔 भुवयांच्या वरून माप घेतलं, ५७ सेंटिमीटर. टोपही आतून ५७ च केला. फोम लावायचा असतो हे विसरलो. आणि आता भाऊ म्हणतात फायबर पण लाव.

ए-३०२ काकू: आमच्या नातवाचं डोकं ५२ आहे. गेल्या महिन्यात टोपी विणली तेव्हा मोजलंय. ३ तारखेला येतोय ठाण्याहून.

बी-२०२ बाबू: काकू, म्हणजे तो घालेल?

ए-३०२ काकू: आधी शिंगं सरळ कर. आणि संध्याकाळी रायवळ घेऊन वर ये, पराती धरायला माणूस हवंय.

ए-२०१ खजिनदार: पाच बाकी.