नजरकैद, स्थानबद्ध का नजरबंद?

लातूरची वाचक: एका मासिकासाठी युगांडातल्या बॉबी वाईनवरचा लेख मराठीत करायलेय. मूळचा गायक, २०१७ला खासदार झाला अन् २०२१ला थेट राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या विरोधात उभा राहिला, जे १९८६ पासून खुर्चीवर आहेत. १४ जानेवारीला मतदान झालं आणि लगेच सैनिकांनी त्याच्या मगेरेतल्या घराला गराडा घातला, नवरा-बायको दोघं आत, अमेरिकेच्या राजदूत भेटायला निघाल्या तर त्यांनाही आत सोडलं नाही. मी लिहिलं "नजरकैदेत ठेवलं". संपादकांनी खोडून "स्थानबद्ध केलं" असं केलं. मला ते पटंना. आपल्याकडं स्थानबद्ध म्हणलं की एमपीडीएची, म्हणजे गुंडांना आत टाकायच्या कायद्याची बातमी आठवते, आदेश निघाला, एका वर्षासाठी स्थानबद्ध, हर्सूल जेलमधे रवानगी. इथं ना आदेश ना गुन्हा, सरकार म्हणायलं की हे त्याच्याच सुरक्षेसाठी आहे! शेवटी २५ जानेवारीला कोर्टानं सांगितलं की सैनिक हटवा. मग शब्द कोणता?

परभणीकर: नजरकैदच. चौथीत शिकलोय की आपण, आग्र्याला महाराज कुठं होते? तुरुंगात नव्हते, मुक्कामाच्या जागीच होते अन् भोवती फौलादखानाचा पहारा. १६६६ पासून हा शब्द मराठी माणसाच्या डोक्यात त्या एकाच चित्रासकट बसलेलाय. संपादकांना कामून बदलायचाय?

छ. संभाजीनगर, एक शिक्षक: बदलायला पाहिजे म्हणून. नजर अरबी, कैद अरबी. ज्या महाराजांचं उदाहरण देताय त्यांनीच फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला ना, मग? आणि स्थानबद्ध म्हणजे जेलच हे चूक आहे. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, सगळे असंच लिहितात. तिथं ते घर करून राहत होते.

लातूरची वाचक: सर, रत्नागिरीचं उदाहरण माझ्या लक्षात नव्हतं, ते बरोबर आहे. पण तिथं सरकारनं अट घातली होती, जिल्ह्याबाहेर जायचं नाही, आणि जिल्ह्यात फिरता येत होतं. हा माणूस फाटकाबाहेर पाय टाकू शकत नव्हता, घरातलं खायचं संपलं म्हणून त्यानं जगाला कळवलं. स्थानबद्ध लिहिलं की वाचणाऱ्याला वाटतं कुठंतरी कागद आहे, सही-शिक्का आहे. कागदच नव्हता, हीच तर ह्या प्रकरणातली खरी गोष्ट आहे, ती शब्दानं झाकून टाकायची का?

नांदेड: आमचे आजोबा तिसराच शब्द वापरायचे, नजरबंद. निजामाच्या राज्यात स्टेट काँग्रेसवर १९३८लाच बंदी आली होती, त्यांच्या तोंडात सगळे शब्द त्या काळच्या कचेरीतले. "स्वामीजींला पंधरा ऑगस्टलाच धरलं, मग आमच्या गावातल्यांना नजरबंद केलं" असं सांगायचे, म्हणजे १९४७चा पंधरा ऑगस्ट, अन् स्टेट काँग्रेसचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ. मी लहान, मला नजरबंदी म्हणजे फक्त बाजारातल्या गारुड्याची माहीत, तो डोळ्यांदेखत रुपया गायब करायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं की निजामानं माणसंच गायब केली. आता विचार केला तर वाटतं, तेवढंही चूक नव्हतं ते.

परभणीकर: हे लई भारी सांगितलं. पण छापलं तर अर्धे लोक गारुडीच समजतील.

बीडचा वकील: मला वाटतं नजरकैद हा नजराण्याशी जोडलेलाय. बडा माणूस ताब्यात आला की त्याला जेलात टाकायचं नाही, मान ठेवून नजराण्यासारखं सांभाळायचं, म्हणून नजर-कैद.

हिंगोली, निवृत्त गुरुजी: नाही हो वकीलसाहेब. माझं शिक्षण उर्दूतून झालं. नजराण्यातली नजर उर्दूत 'जाल' ह्या अक्षरानं लिहितात, तिचा अर्थ भेट, अर्पण. पाहण्याची नजर 'जोय' ह्या दुसऱ्या अक्षरानं. मराठीत दोन्हीला एकच 'ज' मिळाला म्हणून ही गल्लत होते. नजरकैद, नजरबंद दोन्ही पाहण्याचेच.

छ. संभाजीनगर, एक शिक्षक: बघा, म्हणजे शब्द समजून घ्यायला उर्दूची लिपी लागते. स्थानबद्ध ऐकलं की मराठी पोराला आपोआप कळतं.

बीडचा वकील: सर, मग जामीन, वकील, फिर्याद, तारीख, सगळं काढा. माझा अशील तहसीलला सातबारा काढायला येतो, त्याला स्थानबद्ध विचारा अन् नजरकैद विचारा, कुठला कळतो ते बघू.

छ. संभाजीनगर, एक शिक्षक: कळतो म्हणून योग्य असं नसतं. पोरांना शिकवलंच नाही तर कधीच कळणार नाही.

अंबाजोगाई: इतके शब्द झाले, कोंडलं कुणीच कसं नाही म्हणलं? आमची आई ही बातमी ऐकली असती तर म्हणली असती, "आगं त्याला त्याच्याच घरात कोंडलंय." जनावर कोंडवाड्यात घालतात तेव्हा तरी पावती मिळते.

लातूरची वाचक: ताई, हे घेते. "सैनिकांनी त्याला त्याच्याच घरात कोंडलं." मथळ्यात मात्र मला नजरकैदच पाहिजे, संपादकांशी परत बोलते.

छ. संभाजीनगर, एक शिक्षक: मथळ्यात तरी स्थानबद्ध ठेवा. माझा विरोध नोंदवून ठेवतो.

बीडचा वकील: गुरुजी, मग लेकराची नजर उतरवतात ती जोयवाली का जालवाली?

हिंगोली, निवृत्त गुरुजी: जोयवालीच. आमच्या घरी मीठमोहऱ्या ओवाळताना आई दृष्ट म्हणायची अन् शेजारच्या खाला नजर म्हणायच्या, मिरच्या एकाच चुलीत पडायच्या.