वस्तऱ्याची लाकडी मूठ: रिव्हेट ठोकताना चीर जाते, पाते आतून घासते – मदत हवी आहे

नमस्कार. गेली दोन वर्षे मी घडीचे वस्तरे हाताने घडवते आहे. पात्याच्या कामावर आता हात बसला आहे. ओ-१ जातीचे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून तेलात विझवणे आणि मग २०० अंशांवर दोनदा, दोन-दोन तास ठेवून त्याचा ठिसूळपणा काढणे, हे व्यवस्थित जमते. पाते १९ मिमी रुंद आणि पाठीला ५ मिमी जाड ठेवते, त्यामुळे पाठ दगडाला टेकवून धार लावली की कोन आपोआप १५ अंशांच्या आसपास येतो. अडचण आहे ती मुठीची. एकाच मुठीत दोन दोष आल्यामुळे चूक नेमकी कुठे होते आहे, हे मला उमगत नाही.

मूठ शिसवीची आहे. दोन फळ्या प्रत्येकी ३ मिमी जाडीच्या, मागच्या टोकाला दोन्हींमध्ये पाचर, आणि पाते ज्यावर फिरते तिथे १.६ मिमी जाडीच्या पितळी सळईची रिव्हेट, दोन्ही बाजूंना पितळी वॉशर. बाहेरच्या अंगावर मी पानांची वेल कोरली आहे. कोरीवकाम १ मिमी खोल असून शेवटच्या पानाचे टोक रिव्हेटच्या भोकापासून जेमतेम ४ मिमीवर येते. रंग जुळावा म्हणून दोन्ही फळ्या वेगवेगळ्या तुकड्यांतून काढल्या होत्या. बाहेरून टंग तेलाचे सहा हात दिले, आतली बाजू दिसत नसल्यामुळे तशीच ठेवली.

पहिला दोष रिव्हेट ठोकताना आला. सळई वॉशरच्या वर सुमारे २ मिमी ठेवून तिचे डोके पसरवायला घेतले, आणि आठव्या-दहाव्या ठोक्याला भोकापासून फळीच्या टोकाकडे, लाकडाच्या रेषेच्या दिशेने, केसाएवढी चीर सरकली. त्या क्षणी ती नीट दिसलीही नाही. तेल लागल्यावर काळी रेघ म्हणून उमटली. दुसरा दोष नंतरचा. सुरुवातीचे काही दिवस पाते दोन फळ्यांच्या बरोबर मधोमध मिटत होते. दोन आठवड्यांनी मिटताना अगदी हलकी खरखर ऐकू येऊ लागली. उजेडात धरून पाहिले, तर उजव्या फळीच्या आतल्या अंगावर पट्टीने ओढावी तशी सरळ रेघ होती आणि पात्याची धार तेवढ्या भागात बोथट झाली होती.

चीर पडू नये म्हणून भोक सळईपेक्षा किती सैल असावे, आणि नक्षी भोकापासून किती लांब थांबवावी? पाते घासण्यामागे भोक तिरके असणे, पाचर असमान असणे, की आणखी काही? मूठ उघडण्याआधी हे समजले, तर निदान पाते तरी वाचवता येईल. त्या पात्यावर माझा जीव जडला आहे.

प्रतिसाद

आपण सगळे तपशील दिलेत, म्हणून निदान करणे सोपे झाले. भोक तिरके असते, तर पाते पहिल्याच दिवशी घासले असते. पाचर असमान असती, तरी तेच झाले असते. दोन आठवड्यांनी बदलले ते लाकूड. बाहेरून तेलाने बंद आणि आतून उघडी असलेली फळी हवेतला ओलावा आतल्या अंगाने घेते, ते अंग फुगते आणि फळीला पात्याकडे फुगवटा येतो. एकाच फळीत हे दिसण्याचे कारण बहुधा तिची कापणी. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने लाकूड जितके फुगते, त्याच्या साधारण निम्मेच ते गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने फुगते. म्हणून वेगवेगळ्या तुकड्यांतल्या फळ्या वेगवेगळ्या वागतात. दोन्ही फळ्या एकाच तुकड्यातून, पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून काढाव्यात, आणि तेल आतून, कडांना व भोकांच्या आतही द्यावे. शिसवीऐवजी राळ मुरवून स्थिर केलेले लाकूड वापरले, तर हा त्रास बराच कमी होतो.

चिरेचे कारण वेगळे आहे. २ मिमी सळई वर ठेवून ठोकल्यावर डोके पसरण्याआधी सळईच भोकात जाड होते आणि लाकडाला रेषेतून फाडते. वॉशरच्या वर जास्तीत जास्त ०.८ मिमी ठेवावी, गोल तोंडाच्या लहान हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यावेत आणि दर काही ठोक्यांनी वस्तरा उलटावा. भोकात सळई बोटाने सरकेल इतपतच जागा असावी. नक्षी मी स्वतः भोकाच्या अलीकडे वॉशरच्या व्यासाएवढी जागा सोडून थांबवतो, कारण तिथे आधीच लाकूड कमी असते. शेवटची रिव्हेट ठोकण्याआधी तात्पुरता बारीक स्क्रू-नट लावून पाते दहा-बारा वेळा उघडून-मिटून पाहावे.

मूठ उघडताना रिव्हेटचे डोके कानशीने सपाट करा, मध्यावर खूण करून सळईपेक्षा बारीक ड्रिलने ती आतून पोकळ करा आणि मग सळई ढकलून काढा. पात्याला आधी जाड टेप गुंडाळा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

मनापासून आभार. आज मूठ उघडली. उजव्या फळीच्या आतल्या अंगावर पोलादी पट्टी आडवी टेकवली, तर ती मधोमध टेकते आणि दोन्ही कडांखालून उजेड येतो. डाव्या फळीत फट जवळजवळ नाही. पाते दगडावर घेतले आहे, बोथट भाग तीन फेऱ्यांत निघाला. नव्या फळ्या एकाच तुकड्यातून काढून ठेवल्या आहेत. आता एवढेच विचारायचे आहे की, आतल्या अंगाला तेल लावल्यावर पाचर गोंदाने चिकटवावी, की तीही नुसत्या रिव्हेटवरच ठेवावी?