पहिलं लग्न असताना दुसऱ्या लग्नाला कायद्याने मान्यता द्यावी का?

माणदेशी_पोरगी
2022 ला अकलूजला जुळ्या बहिणींनी एकाच मुलाशी लग्न केलं ते आठवतंय ना, व्हिडिओ घरोघरी फिरला आणि शेवटी कुणा तिसऱ्यानेच तक्रार केली म्हणून पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. 2025 ला हिमाचलच्या सिरमौरमध्ये दोन भावांनी एकीशी लग्न केलं, तिथल्या हाटी समाजात ती जुनीच रीत आहे. ते सोडा. आमच्या चुलत काकांनी पहिलीला मूल होईना म्हणून दुसरी केली, मोठ्या काकूंची "संमती" होती (ती कशी असते हे बायकांना सांगायला नको). दोघी आयुष्यभर एका घरात नांदल्या. काका शिक्षक होते, आता गेले, तर पेन्शन मोठीला आणि धाकटीचं नाव कुठल्याच कागदावर नाही, काकांचं दुखणंखुपणं मात्र तिनेच काढलं. सगळे राजी असतील तर कायद्याने सरळ मान्यताच का देऊ नये?

ताटावरची_वकिली
मी वकील नाही, माझा नवरा आहे, जेवताना ऐकून ऐकून शिकलेय. आपल्याकडे हिंदूंना एक बायको असताना दुसरी करायला असलेली बंदी हिंदू विवाह कायद्याच्याही आधीची, मुंबई प्रांतात 1946 लाच आली. नरसू अप्पा माळी खटल्यात त्याला आव्हान दिलं होतं, पण हायकोर्टाने कायदा टिकवला. मग 1955 ला हिंदू विवाह कायद्याने बहुतेक सगळ्या देशात आली. आता भारतीय न्यायसंहितेचं कलम 82, सात वर्षांपर्यंत कैद, पहिलं लग्न लपवलं तर दहा. पण तक्रार बहुतेक करून नवऱ्याने किंवा बायकोनेच करायची असते, शेजाऱ्याने नाही, आणि दुसरं लग्न विधींसकट सिद्ध करावं लागतं. 1965 च्या लोखंडे खटल्यात होम आणि सप्तपदी झाल्याचा पुरावा नाही म्हणून माणूस सुटला! म्हणजे शिक्षा पुरुष चुकवतो आणि "हे लग्नच नाही" हा फटका बसतो दुसरीला. कायदा गळतोय तो इथे, पण म्हणून दोन बायकांना परवानगी द्या असं मी म्हणणार नाही.

भातसाकाठ
आमच्या शहापूर तालुक्यात डेंगणमाळ आहे, नेटवर शोधा. पाण्यासाठी दुसरी तिसरी बायको केलेले लोक आहेत तिथे, पाणीवाली बायको म्हणतात. विधवा नाहीतर टाकलेली बाई असते, तिला छप्पर मिळतं, ती हंडे वाहते. सगळे राजीच असतात हो ताई. अशा राजीखुशीला मान्यता द्यायची? आधी नळ द्या की.

सुशेगाद_म्हापसा
गोव्यात 1880 चा पोर्तुगीज हुकूम कागदावर अजून आहे, बायको 25 ची होईपर्यंत मूल नाही किंवा 30 ची होईपर्यंत मुलगा नाही तर हिंदू नवऱ्याला दुसरी करता येते. वापरत कुणी नाही. पण अटी बघा, सगळ्या बाईच्या पोटावर. मान्यता दिली की ती अशाच भाषेत येणार.

मिरजेची_सून
आमच्याकडे मान्यता आहे म्हणून सांगते. 2024 ला मुंबई हायकोर्टाने सांगितलं की मुस्लिम पुरुषाच्या एकाहून जास्त लग्नांची नोंदणी होऊ शकते, ठाणे पालिकेने एकाची तिसऱ्या लग्नाची नोंदणी नाकारली होती त्या केसमध्ये. बरं, नोंदणी झाली, पुढे? नवरा गेला आणि मुलं असतील तर बायकोचा वाटा आठवा हिस्सा, आणि बायका दोन असल्या तरी तोच आठवा हिस्सा दोघींत. मान्यता मिळाल्याने भाकरी वाढत नाही, अर्धी होते. 1966 ला समाजसुधारक हमीद दलवाईंनी सात बायकांना घेऊन विधानभवनावर मोर्चा नेला तो तलाक आणि या सवतींविरुद्धच, आणि तो प्रश्न अजून तिथंच आहे. मला दुसरीचा राग नाही, पण पहिलीला "संमती" द्यायला लावणारा कायदा नकोच.

माणदेशी_पोरगी
हंड्याचं वाचून गप्प झाले. ठीक, लग्न म्हणून मान्यता नको, पण मग धाकटीने काय करायचं? ती आता पन्नाशीला टेकलीय.

ताटावरची_वकिली
तिला आधीचं लग्न ठाऊक होतं, तिथे अडतं. फसवून केलेल्या दुसरीला पोटगी मिळू शकते असं सुप्रीम कोर्टाने 2013 ला धरलंय, माहीत असून केलेलीला ते कठीण. पेन्शन कुणाला ते नियम ठरवतात, मृत्युपत्राने वळवता येत नाही. पण स्वतः कमावलेलं घर किंवा जमीन काका तिच्या नावे करू शकत होते. मृत्युपत्र आहे का? आणि तिला मूल आहे का?

माणदेशी_पोरगी
मृत्युपत्र कुठलं, काका काही लिहायचं म्हटलं की उठून जायचे. एक मुलगा आहे, यंदा दहावीला.

ताटावरची_वकिली
मग त्याचं बघा आधी. आईबापाचं लग्न रद्दबातल असलं तरी मूल औरसच धरतात, हिंदू विवाह कायद्याचं कलम 16. वडिलांच्या मालमत्तेत त्याचा हिस्सा आहे, आणि सुप्रीम कोर्टाच्या 2023 च्या निकालाने वडिलोपार्जित मिळकतीत काकांच्या वाट्याला जे आलं असतं त्यातही. तलाठ्याकडे वारस नोंद लावताना मोठ्या काकूंबरोबर त्याचंही नाव गेलंय का ते उद्याच विचारा, बाकीचे भाऊबंद घाईत फक्त एकच नाव लावून मोकळे होतात.