सात माणसांच्या शॉपमध्ये अप्रेंटिस कसा ठेवायचा?

प्रश्न (शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर):
आमचं छोटं मशीन शॉप आहे, चार लेथ, एक मिलिंग, एकूण सात माणसं, फाउंड्रीच्या कास्टिंगचं (ओतीव भागांचं) जॉबवर्क करतो. आमचे मिस्त्री ५८ वर्षांचे, टूलच्या आवाजावरून सांगतात कट जास्त बसलाय म्हणून. ते थांबले की हा हात कुणाकडं राहणार, याची मला रात्री झोप लागत नाही. आयटीआय झालेली दोन पोरं घ्यायचीत. पण पोरगं शिकेपर्यंत जॉब बाद होणार, मिस्त्री त्याच्याजवळ थांबले की त्यांचं मशीन बंद, आणि पार्टी रेट वाढवून देत नाही. कुणी केलंय का हे?

उत्तर १ (भोसरी):
दोन घेता येणार नाहीत दादा. अप्रेंटिस एकूण माणसांच्या अडीच ते १५ टक्के, कॉन्ट्रॅक्टची माणसं धरून, म्हणजे सातात एकच बसतो. ३० किंवा जास्त माणसं असतील तर घ्यावेच लागतात, ४ ते २९ ला ऐच्छिक. स्टायपेंडचे २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १५०० सरकार देतं, ही एनएपीएस नावाची अप्रेंटिस योजना २०१६ पासून आहे. खरा ताप सरकारी पोर्टलचा, करार, हजेरी सगळं भरा, आमच्याकडं क्लार्क नाही त्यामुळं मीच रात्री जेवून झाल्यावर बसतो.

उत्तर २ (इचलकरंजी):
आमचं पोरगं वर्षभर शिकलं, बोअर (आतलं भोक) बरोबर मापात काढायला लागलं आणि एका मोठ्या कंपनीत गेलं. वाईट खूप वाटलं, पण घरी कमावणारं ते एकटंच, दोष कसा देणार.

उत्तर ३:
मी स्वतः अप्रेंटिस होतो. पहिले चार महिने चिप्स झाडल्या नि चहा आणला, सोडूनच देणार होतो. मग एका मिस्त्रींनी बाद कास्टिंग चकला (लेथवर जॉब पकडून फिरवणारा भाग) लावून दिलं, रोज एक तास, मायक्रोमीटर माझ्या हातात. एकदा चकची चावी चकमध्येच राहिली होती, त्यांनी हात धरून मशीन चालू करू दिलं नाही, ते आजही आठवतं. पोरगं टिकतं ते असं, नुसत्या पैशानं नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे सगळ्यांचा. बाद कास्टिंग मागच्या शेडमध्ये ढिगानं पडलंय. मिस्त्रींना आत्ताच विचारलं, रोज संध्याकाळी चार ते पाच मी शिकवतो म्हणाले. एकच घेतो मग. भोसरीवाले दादा, करार भरताना काय काय कागद लागले ते तेवढं सांगा.