मूडलमधल्या ग्रुपच्या बेहॅट टेस्ट कधी पास कधी फेल, आणि परमिशनची टेस्ट नेमकी लिहायची कशी?

बॅचवाली_ताई

नमस्कार मंडळी, मी एका इंजिनिअरिंग कॉलेजचं मूडल (ऑनलाइन कोर्सची साइट) सांभाळते. प्रॅक्टिकलच्या बॅचेससाठी आम्ही एक छोटं प्लगिन लिहिलंय, त्याचं काम एवढंच की ऑफिसकडून आलेल्या सीएसव्ही यादीवरून कोर्समध्ये ग्रुप बनवायचे, पोरांना रोल नंबरप्रमाणे त्यात टाकायचं आणि ज्या सरांकडे जी बॅच त्यांना तेवढीच पोरं दिसली पाहिजेत, म्हणजे सेपरेट ग्रुप्स. आतापर्यंत दर सेमिस्टरला हे सगळं हाताने क्लिक करून बघायचो, आता कंटाळून बेहॅटच्या टेस्ट लिहायला घेतल्यात, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणाऱ्या.

अडचणी अशा. एक, आमच्या प्लगिनच्या पानावर डावीकडे ग्रुपची लिस्ट आहे, ग्रुप निवडला की उजवीकडे पोरं रोल नंबरसकट येतात. टेस्टमध्ये पोराला ग्रुपमध्ये टाकायचं, परत या पानावर यायचं, ग्रुप निवडायचा आणि उजवीकडे नाव दिसतंय का बघायचं. लॅपटॉपवर पास, सर्व्हरवर कधी पास कधी फेल. मध्ये पाच सेकंदांचा वेट टाकला तर फेल व्हायचं प्रमाण कमी झालं पण गेलं नाही, वर सगळा सेट चालायला फार वेळ लागतो.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. परमिशनच्या टेस्ट सगळ्या हिरव्या, पण लाइव्ह साइटवर एका सरांना दुसऱ्या बॅचच्या पोरांची सबमिशन्स दिसली. मग हिरव्या टेस्टचा उपयोग काय? असं काय लिहिलं म्हणजे ती खरंच काही सिद्ध करेल?

तीन, टीममधले एक जण म्हणतायत बेहॅट सोडा, प्लेराईट हे तशाच कामाचं दुसरं साधन घ्या. घ्यावं का?

सेलेनियम_सातारा

पहिल्या प्रश्नाचं सांगतो. वेट काढून टाका, सगळे. पाच सेकंद पुरले नाहीत म्हणून तुम्ही दहा कराल, मग परीक्षेच्या दिवसात सर्व्हर लोडवर असला की दहाही पुरणार नाहीत.

नेमकं काय होतं ते बघा. ग्रुप निवडला की ब्राउझर सर्व्हरला विचारतो की यातली पोरं द्या, आणि उत्तर येईपर्यंत उजवीकडची लिस्ट रिकामीच असते. बेहॅट तेवढ्यात पुढच्या स्टेपला गेला की नाव सापडत नाही. लॅपटॉपवर उत्तर लगेच येतं म्हणून पास. आता मूडलमध्ये यावर सोय आहे आणि ती फार चांगली आहे: जावास्क्रिप्टवाल्या सिनारिओत (सिनारिओ म्हणजे एकेक टेस्ट) प्रत्येक स्टेपनंतर बेहॅट बघतो की पानावर काही काम पेंडिंग आहे का, असेल तर थांबतो. मूडलचा स्वतःचा कोड काम सुरू करताना त्या पेंडिंगच्या यादीत नाव टाकतो आणि संपलं की काढतो. तुमच्या प्लगिनमध्ये तुम्ही सर्व्हरकडून डेटा आणायला साधा फेच मारला असणार, तो त्या यादीत नाहीच, त्यामुळे बेहॅटला वाटतं पान तयार आहे आणि तो निघतो पुढे.

उपाय म्हणजे कोअरचं, म्हणजे मूडलच्या मूळ कोडमधलं, पेंडिंग नावाचं मॉड्यूल घ्या, फेच करायच्या आधी एक पेंडिंग बनवा, त्याला ओळखू येईल असं नाव द्या, आणि लिस्ट स्क्रीनवर रंगवून झाली की ते रिझॉल्व्ह करा, म्हणजे काम संपलं असं कळवा. डेटा आल्याआल्या नाही हं, रंगवून झाल्यावर. आणि एरर आली त्या वाटेनेही रिझॉल्व्ह झालंच पाहिजे, नाहीतर टेस्ट टाइमआउटपर्यंत लटकून बसते आणि मग जावास्क्रिप्ट संपलं नाही अशी तक्रार येते. नाव दिलेलं असलं की त्या तक्रारीत कुठलं काम अडकलं ते तरी कळतं.

अजून एक, ग्रुप निवडताना कुठली स्टेप वापरताय? मूडलच्या मूळ ग्रुपच्या पानावर नावापुढे कंसात संख्या येते, "बॅच १ (०)", पोरगं टाकलं की तेच "बॅच १ (१)" होतं. म्हणून पूर्ण मजकुरावर निवडणाऱ्या टेस्ट एकदा चालतात आणि मेंबर वाढला की मोडतात. युजरला ग्रुपमध्ये टाकायची जी तयार स्टेप आहे ती नाव नुसतं कुठेतरी आलंय का एवढंच बघते, त्यामुळे संख्येची कटकट नाही, पण "बॅच १" शोधताना "बॅच १०" पण बसतं. बॅच १ काही कारणाने बनलीच नसेल तर पोरगं गुपचूप बॅच १० मध्ये जाईल आणि ती स्टेप पास. टेस्टमधली नावं ०१, ०२ अशी ठेवा किंवा सरळ ए१, बी१.

आणि प्रत्येक सिनारिओत ग्रुप बनवायला स्क्रीनवरून क्लिक करत असाल तर ते पण काढा. युजर, कोर्स, ग्रुप, मेंबर सगळं टेस्टच्या फाइलमधल्या सुरुवातीच्या टेबलमधून थेट डेटाबेसमध्ये बनतं. स्क्रीनवरून ग्रुप बनवायची टेस्ट एकच ठेवा, जी खरंच तो फॉर्म तपासते. बाकीच्यांनी तयार डेटावर काम करायचं. सेटचा वेळ तिथेच खूप उतरेल.

रोल_आणि_कॅपॅबिलिटी

दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितोय कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे. ग्रुपच्या टेस्टमध्ये पोरगं लिस्टमध्ये आलं का हे सगळे बघतात, पण सेपरेट ग्रुप ठेवायचं कारणच हे की कुणाला तरी काहीतरी दिसता कामा नये, आणि दिसत नाही हे सिद्ध करणं अवघड.

आधी हे बघा की टेस्टमध्ये लॉगिन कोण करतंय. ॲडमिन असेल तर ती टेस्ट या कामाची नाही, त्याला सगळंच दिसतं. एडिटिंग टीचर असेल तरी तेच, कारण सगळे ग्रुप बघायची कॅपॅबिलिटी (परवानगी) त्या रोलला मुळातच दिलेली असते. सेपरेट ग्रुपची भिंत लागते ती नॉन-एडिटिंग टीचरला आणि स्टुडंटला. तुमच्याकडे प्रॅक्टिकल घेणाऱ्या सरांना कुठला रोल दिलाय ते लाइव्हवर पण तपासा, बऱ्याच कॉलेजात सरसकट एडिटिंग टीचर देतात कारण त्यांना असाइनमेंट टाकायची असते.

आता मुख्य गोष्ट. "अमुक पोरगं दिसता कामा नये" ही स्टेप कोऱ्या पानावर पण पास होते. लॉगिनच्या पानावर पास होते, एररच्या पानावर पास होते. मूडलमधलं याचं चपखल उदाहरण सांगतो: सेपरेट ग्रुपच्या कोर्समध्ये नॉन-एडिटिंग टीचरला कुठल्याच ग्रुपमध्ये टाकलं नाही आणि त्याने पार्टिसिपंट्सचं पान उघडलं, तर मूडल त्याला यादीच देत नाही, हे पान बघायला तुम्ही ग्रुपमध्ये असायला हवं असा मेसेज देतं. तुमच्या टेस्टच्या टेबलमध्ये सरांना बॅचमध्ये टाकायची ओळ राहिली असेल तर दुसऱ्या बॅचचं पोरगं दिसणार नाहीच, आणि स्वतःच्या बॅचचं पण नाही. टेस्ट मात्र हिरवी. तिने भिंत तपासलेलीच नाही.

म्हणून "दिसत नाही" एकटं कधीच लिहायचं नाही. त्याच पानावर, त्याच लॉगिनने, आधी स्वतःच्या बॅचचं पोरगं दिसतंय हे तपासा आणि मगच दुसऱ्या बॅचचं दिसत नाही हे. त्यानंतर मुद्दाम भिंत पाडून बघा, म्हणजे कोर्सच्या टेबलमध्ये ग्रुप मोड १ आहे तो ० करा, नो ग्रुप्स, आणि टेस्ट चालवा. लाल झाली पाहिजे. लाल होत नसेल तर ती फेकून नवीन लिहा. परमिशनची प्रत्येक टेस्ट मी मुख्य कोडमध्ये मर्ज करायच्या आधी अशी लाल करून बघतो, यात सूट नाही.

लाइव्हवर सबमिशन्स दिसली त्याचं कारण रोल नसेल तर ॲक्टिव्हिटीच्या सेटिंगमध्ये बघा. ग्रुप मोड कोर्सला असतो तसा प्रत्येक असाइनमेंटला पण वेगळा असतो. कोर्समध्ये फोर्स ग्रुप मोड चालू नसेल तर असाइनमेंटचं स्वतःचं सेटिंग चालतं. मागच्या वर्षीचा कोर्स बॅकअपवरून आणला आणि त्यातल्या असाइनमेंट नो ग्रुप्सवर होत्या, की कोर्स सेपरेट दिसतो आणि असाइनमेंट सताड उघडी. याचा वेगळा सिनारिओ हवा: फोर्स बंद, असाइनमेंट नो ग्रुप्स, आणि तुमचं प्लगिन अशा वेळी काय करतं? निदान इशारा तरी दाखवतं का?

शेवटचं, तुमच्या पानाच्या पत्त्यात ग्रुपचा आयडी जातो ना? मग सरांच्या लॉगिनने दुसऱ्या बॅचचा आयडी टाकून ते पान थेट उघडायची टेस्ट लिहा. लिस्टमध्ये ग्रुप दाखवला नाही म्हणजे दार बंद झालं असं नाही. चेक सर्व्हरच्या बाजूला, पीएचपीत पाहिजे.

क्यूए_ठाणे

प्लेराईटबद्दल थोडक्यात. मी रोज वापरते आणि मला ते आवडतं, क्लिक करायच्या आधी बटण दिसतंय का, चालू आहे का हे ते स्वतः बघतं, ट्रेस पण सुंदर मिळतो. पण मूडलच्या आत प्लगिन तपासायचं असेल तर बेहॅट सोडू नका. प्रत्येक सिनारिओच्या आधी डेटाबेस कोरा होतो, युजर आणि ग्रुप टेबलमधून बनतात, पेंडिंगची वाट बघितली जाते, हे सगळं तिथे आयतं मिळतं, प्लेराईटमध्ये तुम्हालाच बांधावं लागेल. मूडलमध्ये बेहॅट २.५ पासून म्हणजे २०१३ पासून आहे, ग्रुपच्या कोअर टेस्ट वाचल्या तरी बरंच शिकायला मिळतं.

आणि फेलडंपचा फोल्डर कॉन्फिगमध्ये दिलाय का? दिला की फेल झालेल्या स्टेपचा स्क्रीनशॉट आणि एचटीएमएल दोन्ही साठवलं जातं. सर्व्हरवरच फेल होणाऱ्या टेस्टला याच्याशिवाय हात लावू नये.

बॅचवाली_ताई

सगळ्यांचे मनापासून आभार. पेंडिंग लावलं, वेट सगळे काढले, ती टेस्ट आता सर्व्हरवर पण सरळ चालते. सबमिशन्सचं कारण असाइनमेंटचंच निघालं दादा, जुन्या बॅकअपमधून आलेल्या, नो ग्रुप्सवर. फोर्स चालू केलं आणि त्याचा सिनारिओ पण लिहिला, भिंत पाडून लाल करून बघितला.

आता फेलडंपमुळे एक नवीनच दिसलं. "तिसऱ्या वर्षाची बॅच" या नावाचा ग्रुप टेस्टला सापडत नाही. स्क्रीनशॉटमध्ये ग्रुप समोर दिसतोय, अक्षर न् अक्षर तेच आहे, तरी नाही म्हणते. फक्त सीएसव्हीवरून आलेल्या ग्रुपला होतंय, टेबलमधून बनवला तर सापडतो. बीओएमचा (फाइलच्या सुरुवातीला असणारं न दिसणारं चिन्ह) संशय आला म्हणून तो काढला, काही फरक नाही.

युनिकोड_वेडा

"तिसऱ्या" मधला तो अर्धा र बघा. डोळ्याला एकच दिसतो पण टाइप करायच्या किमान तीन पद्धती आहेत. एक म्हणजे ऱ हे अख्खं अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१, त्याला हलंत आणि मग या. दुसरी म्हणजे साधा र, त्याला नुक्ता (खालचा टिंब), हलंत, या. तिसरी म्हणजे साधा र, हलंत, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि या. तुमच्या ऑफिसातल्या कीबोर्डने एक पद्धत टाकली, फीचर फाइलमध्ये (टेस्ट लिहिलेली फाइल) तुम्ही दुसरी, स्क्रीनवर दोन्ही सारखे आणि बाइट वेगळे. बेहॅट बाइटवर जुळवतो.

पहिली आणि दुसरी पद्धत युनिकोडच्या नियमानेच समान आहेत, पीएचपीच्या इंटल एक्स्टेन्शनमधला नॉर्मलायझर एनएफसी या ठरलेल्या रूपात आणून त्या एक करतो. तिसरी मात्र त्याने होत नाही, तिथे "र, हलंत, जॉइनर" ला "ऱ, हलंत" असं तुम्हालाच बदलावं लागेल. ॲ चं पण असंच आहे, एक अख्खं अक्षर ०९७२ आणि एक अ वर चंद्र देऊन बनवलेला, दोन्ही नॉर्मलायझरच्या लेखी वेगळेच. "ॲडव्हान्स बॅच" असं नाव असेल तर तिथे पण हाच घोळ होणार.

बॅचवाली_ताई

म्हणजे फक्त टेस्टमधलं नाव बदलून भागणार नाही ना? कारण ऑफिसने पुढच्या वेळी दुसऱ्या कीबोर्डवरून यादी पाठवली तर एकाच नावाचे दोन ग्रुप होतील आणि निम्मी पोरं एकात निम्मी दुसऱ्यात.

युनिकोड_वेडा

बरोबर पकडलंत, टेस्टमधलं नाव बदललं तर हा बग झाकला जाईल. सीएसव्ही वाचताना, ग्रुप आधीपासून आहे का हे शोधायच्या आधी नाव साफ करा: एनएफसी, मग वरच्या दोन बदल्या, मग पुढचे-मागचे स्पेस. साइटवर आधीच असलेले ग्रुप पण एकदा त्याच फंक्शनमधून काढून घ्या.

आणि सिनारिओ असा लिहा की "तिसऱ्या वर्षाची बॅच" ऱ वालं टेबलमधून आधीच बनवलेलं आहे, त्यात एक विद्यार्थी आहे, मग जॉइनरवालं नाव असलेली सीएसव्ही अपलोड करायची, त्यात दुसरा विद्यार्थी. शेवटी ग्रुप एकच आणि कंसात २ आलं पाहिजे. ती सीएसव्ही प्लगिनच्या टेस्टच्या फिक्स्चर (नमुना फाइली) फोल्डरमध्ये ठेवा आणि वर कॉमेंट करायची सोय नसते म्हणून फाइलच्या नावातच जॉइनर असं लिहा, नाहीतर कुणीतरी ती एडिटरमध्ये उघडून पुन्हा टाइप करेल आणि जॉइनर उडून जाईल.