ल्युकेमिया झालेल्या मुलासाठी धावून निधी उभारायचा आहे, सल्ला हवा

गोदाकाठ:
आमच्या नाशिकच्या वसाहतीतील एका आठ वर्षांच्या मुलाला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा रक्ताचा कर्करोग झाल्याचे निदान झाले असून परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्याच्यावर उपचार सुरू आहेत. वडील रिक्षा चालवतात आणि आई मुलाजवळ मुंबईत राहते, त्यामुळे एकाच मिळकतीवर दोन बिऱ्हाडे चालवावी लागत आहेत. गोदापार्कवर रोज पहाटे धावणाऱ्या आमच्या गटाने डिसेंबरात दहा किलोमीटर धावण्याचे ठरवले आहे. प्रत्येकाने आपल्या परिचितांकडून दर किलोमीटरमागे ठरावीक रक्कम घ्यावी, अशी योजना आहे. पैसे कोणाच्या खात्यात जमा करावेत? फलकावर मुलाचा फोटो लावावा काय? फोटोशिवाय लोक पैसे देत नाहीत, असे गटातील काहींचे म्हणणे आहे, पण मला ते मनापासून पटत नाही.

मृगसरी:
माझ्या मुलीवर याच आजाराचे उपचार झाले आहेत, म्हणून आधी फोटोविषयी लिहिते. केमोमुळे केस गेलेल्या आणि स्टिरॉइडमुळे चेहरा सुजलेल्या मुलाचा फोटो एकदा गावभर फिरला की तो परत घेता येत नाही. हे मूल बरे होऊन शाळेत जाणार आहे, कारण या आजारातून योग्य उपचारांनी बहुसंख्य मुले बरी होतात. त्या वेळी वर्गातल्या कोणाच्या तरी फोनवर तो फोटो असू नये. आईवडिलांना विचारले तर ते उपकाराच्या ओझ्याखाली नाही म्हणू शकणार नाहीत, तेव्हा त्यांना विचारूच नका. फलकावर आजार, उपचारांचे ठिकाण आणि पैशांचा हिशोब लिहा. लोकांना तेवढे पुरते.

दुसरे असे की, हा उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतो. सुरुवातीच्या महिन्यांत सर्वांचे लक्ष असते, मदतही येते. पुढे मेंटेनन्सचा, म्हणजे आजार उलटू नये म्हणून दीर्घकाळ औषधे देण्याचा काळ लागतो, मूल घरी दिसते आणि लोकांना वाटते की संपले. पण रोजची मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (दोन्ही केमोचीच औषधे), ठरावीक मुदतीने पाठीतले इंजेक्शन आणि रक्ततपासण्या हे सगळे चालूच असते. आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोळीच्या प्रत्येक दिवसाला टिंब असे आणि काउंट, म्हणजे रक्तातील पेशींची संख्या, कमी आले की डॉक्टर मात्रा बदलत, म्हणून कधी अर्धी, कधी पाऊण गोळी, असे त्या टिंबाशेजारी लिहावे लागे. काउंट पडलेले असताना रात्री ताप चढला, तर सकाळची वाट न पाहता गाडी करून रुग्णालय गाठावे लागते. तो खर्च कोणत्याही योजनेत बसत नाही. म्हणून एकरकमी देणगीपेक्षा दरमहा थोडी रक्कम देणारी माणसे मिळवा. मुंबईत राहण्याची अडचण असेल, तर कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना विनामूल्य निवास देणाऱ्या सेंट ज्यूड संस्थेकडे रुग्णालयामार्फत विचारणा करता येते.

हिशोबनीस:
पैसे गटातील कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर घेऊ नका, मग तो माणूस कितीही सचोटीचा असो. उपचारांची रक्कम रुग्णाच्या नोंदणी क्रमांकावर थेट रुग्णालयातच भरावी, आणि प्रवास, भाडे, औषधे यांसाठीची रक्कम आईवडिलांच्या खात्यात द्यावी. रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला आधी भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी यांकडेही अर्ज करता येतो. योजनेतून काय भागते हे कळले, म्हणजे तुम्हाला नेमकी किती रक्कम उभी करायची आहे ते ठरवता येईल.

एका व्यक्तीला दिलेल्या देणगीवर प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हे देणाऱ्यांना स्पष्ट सांगा. वर्गणी जाहीररीत्या गोळा करणार असाल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात परवानगीविषयी चौकशी करा. गणेशोत्सव मंडळेही तेथूनच परवानगी घेतात. रक्कम उरल्यास ती त्याच रुग्णालयातील बालकर्करोग रुग्णांसाठी दिली जाईल, असे पहिल्याच आवाहनात लिहून टाका, कारण नंतर यावरूनच मने दुखावतात.

सह्यधावक:
आपली कल्पना चांगल्या परंपरेतली आहे. अमेरिकेत १९८८ साली ब्रूस क्लेलँड यांनी ल्युकेमियातून बाहेर पडत असलेल्या आपल्या मुलीसाठी ३८ धावपटूंना घेऊन न्यूयॉर्क मॅरेथॉन धावली आणि त्यातून ३ लाख २२ हजार डॉलर उभे राहिले. पुढे त्यातूनच मोठी चळवळ झाली. ती रक्कम संशोधन आणि रुग्णसेवेसाठी होती, तुमची एका घरासाठी आहे, तेव्हा आवाका लहान ठेवा. टी-शर्ट, पदके, मंडप यांवर देणगीतला एक रुपयाही जाऊ देऊ नका. पाणी आणि केळी गटाने स्वतःच्या खिशातून आणावीत. किलोमीटरमागे रक्कम घेण्याऐवजी ती धावण्याआधीच जमा करून घ्या, कारण शर्यत झाल्यावर वसुलीसाठी फिरणे फार कठीण जाते. मुलाला स्टार्टला झेंडा दाखवायला बोलावण्याचा मोह होईल, तो टाळा. काउंट कमी असलेल्या मुलासाठी गर्दी धोक्याची असते. त्याऐवजी त्याच दिवशी रक्तपेढीच्या मदतीने रक्तदान आणि प्लेटलेटदात्यांची नोंदणी ठेवा. धावणारी माणसे बहुधा निरोगी असतात आणि रुग्णालयाला दात्यांची गरज सतत असते.

गोदाकाठ:
सर्वांचे आभार. फोटो लावायचा नाही, हे आजच गटाला कळवतो. मुलाच्या वडिलांसोबत येत्या सोमवारी समाजसेवा विभागात जाऊन योजनेची कागदपत्रे पाहतो, आणि त्यानंतरच आवाहनाचा मजकूर लिहायला घेतो. दरमहा देणाऱ्यांची यादी मात्र आजपासूनच सुरू करत आहे.